वेस्टा की सेरेस: संध्याकाळी पहिला लघुग्रह कोणता पाहावा?

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रथमच शोधू पाहणाऱ्यापुढे बहुधा वेस्टा आणि सेरेस ही दोन नावे येतात, आणि माझा कौल निःसंकोचपणे वेस्टाला आहे.

मान सेरेसचा मोठा. खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना तो १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोहून दिसला, लघुग्रहांचा शोध तिथूनच सुरू झाला, आणि २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत (ग्रहांहून लहान, पण गोलसर पिंडांत) होते. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर, तर वेस्टाचा सुमारे ५२५. तरीही वेस्टाच अधिक तेजस्वी दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग सेरेसच्या काळसर पृष्ठभागापेक्षा चौपटीहून अधिक प्रकाश परावर्तित करतो आणि त्याची कक्षाही सूर्याला अधिक जवळची आहे. अनुकूल प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, वेस्टा अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. सेरेस मात्र जेमतेम सातव्या प्रतीच्या आसपास पोहोचतो (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितके तेज कमी).

संध्याकाळच्या निरीक्षणात हा फरक अधिकच जाणवतो. प्रतियुतीला दोघेही सूर्यास्ताच्या सुमारास उगवतात, त्यामुळे अंधार पडताच ते पुरेसे वर हवे असतील तर दीड-दोन महिने थांबावे लागते, आणि तेवढ्यात प्रत्येकाचे तेज सुमारे एका प्रतीने घटते. तेव्हाचा सातव्या प्रतीचा वेस्टा १०×५० द्विनेत्रीत सापडतो. आठव्या प्रतीपलीकडे गेलेल्या सेरेससाठी, विशेषतः शहरी उजेडात, लहान दुर्बीणच हवी. शिवाय तितक्या मंद ताऱ्यांची गर्दी मोठी असते आणि नेमका ठिपका ओळखणे जड जाते.

ओळख पटवण्याची रीत दोघांचीही एकच. दृष्टिक्षेत्रातले तारे कागदावर पेन्सिलीने मांडावेत, काही दिवसांनी पुन्हा तीच जागा पाहावी आणि कोणता ठिपका सरकला ते तपासावे. तो सरकलेला ठिपका पाहताना होणारा आनंद कोणत्याही छायाचित्रातून मिळत नाही. प्रतियुतीला ही चाल रोज सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढी असते. पण तो संध्याकाळी सोयीने दिसतो नेमक्या त्याच दिवसांत लघुग्रह वक्रीचा मार्गी होताना, म्हणजे ताऱ्यांमधली त्याची उलटी चाल पुन्हा सुलटी होताना, स्तंभी (जवळजवळ स्थिर) होतो, म्हणून तेव्हा दोन रेखाटनांत आठवडाभराचे अंतर ठेवावे.

चार इंची दुर्बीण आधीच हाताशी असेल, तर तेजाचा फरक गौण ठरतो. मग दोघांपैकी जो त्या दिवसांत क्षितिजापासून अधिक उंच आणि एखाद्या ठळक ताऱ्याच्या जवळ असेल, तो आधी पाहावा.