पावसाळाभर वापरल्यानंतर: कॉपी-संरक्षण असलेला गेम आणि नसलेला गेम

मे महिन्यात पीसीसाठी दोन मोठे गेम विकत घेतले आणि पावसाळाभर आलटूनपालटून खेळलो. एक बड्या प्रकाशकाचा ओपन-वर्ल्ड गेम, आत कॉपी-संरक्षण, म्हणजे चोरून प्रती काढता येऊ नयेत म्हणून घातलेलं कुलूप. दुसरा जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेला 'द विचर 3', त्याला असं कुठलंच कुलूप नाही. ग्राफिक्स आणि कथेबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडेल. मला लिहायचंय ते पैसे भरल्यानंतर गेम आपल्याला खेळू देतो का याबद्दल. आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या बाजूला जून ते सप्टेंबर हाच खरा प्रश्न असतो.

आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की झाडं पडतात, आणि त्यांच्यासोबत विजेच्या तारा आणि नेटची केबल. वीज खात्याची माणसं भर पावसात खांबावर चढून बहुतेक वेळा रात्रीपर्यंत लाईट आणतात, त्यांचे उपकारच. नेटची केबल मात्र कितीतरी दिवस तशीच लोंबकळत राहते आणि घरात मोबाईलची रेंज जेमतेम. जुलैत नेट तुटलं त्याच्या आदल्या रात्री विंडोजचं मोठं अपडेट झालं होतं. दुसऱ्या दिवशी संरक्षणवाल्या गेमने पुन्हा ऑनलाइन तपासणी मागितली. लाईट होती, गेम पूर्ण उतरवलेला होता, पैसे कधीच कापले गेले होते, तरी केबल जोडली जाईपर्यंत तो उघडला नाही. मला याचा मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

अशा संरक्षणाची पद्धत साधारण अशी: गेम पहिल्यांदा सुरू होताना तुमच्या मशीनची ओळख सर्व्हरकडे जाते, तिथून परवाना येतो आणि तो त्याच मशीनला बांधलेला असतो. मग ऑफलाइनही चालतं. पण प्रोसेसर बदलला किंवा सिस्टिममध्ये मोठा फेरफार झाला की त्याला मशीन अनोळखी वाटू शकतं. ऑगस्टमध्ये विजेच्या झटक्याने मदरबोर्ड गेला, म्हापशाला जाऊन नवा बसवून आणला, तेव्हाही हेच झालं. नशिबाने त्या दिवशी नेट होतं.

हा प्रकार माझ्या एकट्याच्या घरचा नाही. 2021 च्या नोव्हेंबरात इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हा त्यांतल्या छोट्या कोअर्सना (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांना) काही गेमचं संरक्षण चक्क दुसरा संगणक समजलं. इंटेलला अशा गेमची यादीच जाहीर करावी लागली. त्याच वर्षी 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज' पीसीवर झटके खात होता. तो बनवणाऱ्या कॅपकॉमने जुलैत पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढला आणि चाचेगिरीविरोधी तंत्रज्ञानात सुधारणा केल्याचं त्यात स्वतःच लिहिलं. त्याआधी क्रॅक केलेली, म्हणजे संरक्षण तोडलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा सुरळीत चालत होती. म्हणजे चोरून खेळणाऱ्याला चांगला माल आणि पैसे मोजणाऱ्याला झटके. 2008 मध्ये 'स्पोर'ला सुरुवातीला फक्त 3 अ‍ॅक्टिव्हेशनची (ऑनलाइन परवाना घेऊन गेम चालू करण्याची) मर्यादा होती, लोक खवळले होते, तरीही त्या वर्षी तो प्रचंड प्रमाणात चोरून उतरवला गेला.

दुसरी बाजूही मला मान्य आहे. गेम बनवायला शेकडो माणसांची कितीतरी वर्षं जातात आणि विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत होतो. तेवढ्या काळापुरतं संरक्षण कुणी ठेवलं तर माझी तक्रार नाही. कित्येक प्रकाशक काही महिन्यांनी डेनुवो हे बऱ्याच गेममध्ये असणारं संरक्षण काढूनही टाकतात, आणि ते योग्यच करतात. जे काढत नाहीत त्यांचा सर्व्हर उद्या बंद झाला तर? युबिसॉफ्ट या प्रकाशकाचा 'द क्रू' हा गेम कायम ऑनलाइन असल्याशिवाय चालतच नव्हता. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि तो एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही संपला. त्यातूनच विकलेले गेम असे मारू नका म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये युरोपात तिच्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. गोव्यात बसून मला त्यावर सही करता आली नाही, याचं वाईट वाटतं.

'द विचर 3'बद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि तीच त्याची तारीफ. इन्स्टॉलर एकदा उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवला. चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर तिथेच टाकला. त्या वाड्यावर फोन लावायलाही टेकडीवर जावं लागतं, पण दुपारी माटोळीखालची (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखालची) गडबड ओसरल्यावर चुलतभावांनी आळीपाळीने खेळून घेतलं. लॉगिन नाही, ऑनलाइन तपासणी नाही. उद्या दुकान बंद पडलं तरी ही फाईल माझ्याकडे राहील.

आमच्यासारख्या तुटक्या नेटच्या गावात राहणाऱ्यांनी स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम घेताना त्याच्या पानावर उजवीकडे 'थर्ड-पार्टी डीआरएम' (बाहेरच्या कंपनीचं कॉपी-संरक्षण) असा उल्लेख आहे का ते बघावं. असेल तर तोच गेम जीओजीवर मिळतो का ते शोधा, थोडा महाग पडला तरी चालेल. संरक्षणवाला घ्यायचाच असेल तर पाऊस सुरू होण्याआधी नेट असताना चालवून घ्या आणि विंडोजचं अपडेट थोपवून ठेवा. माझ्यापुरतं ठरलंय: ओपन-वर्ल्ड गेमचा पुढचा भाग येतोय, मला तो खूप हवाही आहे, पण प्रकाशक संरक्षण काढेपर्यंत घेणार नाही.