रोडबाइकची चाकं बदलताय? खानदेशच्या रस्त्यांसाठी तीन जोड्यांची तुलना

"चाक ते भारी शे भो, पन तार कोठे भेटी?" धुळ्यातल्या मिस्त्रींनी माझं मागचं चाक हातावर फिरवलं आणि एवढंच विचारलं. कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे तार (स्पोक) तुटली होती. २४ तारांच्या चाकातली एक गेली तरी रिम लगेच आऊट मारते, म्हणजे डुगडुगत फिरते आणि ब्रेकला घासते. घरी टेम्पोतून आलो. ती चपटी, सरळ डोक्याची तार धुळ्यात नव्हती, जळगावात नव्हती. पुण्याहून यायला बारा दिवस लागले. तेव्हापासून कुणी चाकांचं विचारलं की मी वजनाआधी तारेचं बोलतो.

आपल्याकडे पर्याय साधारण तीन: कंपनीतून तयार आलेली कमी तारांची अ‍ॅल्युमिनियम जोडी, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि रिम वेगळे घेऊन बांधून घेतलेली ३२ तारांची जोडी, आणि ५० मिलिमीटर उंच रिमची कार्बन जोडी.

कार्बनचं आकर्षण मलाही आहे. दिसायला देखणी, सपाटीवर वेग धरून ठेवते, हे खरं. धुळे-जळगाव महामार्गावर पहाटे ताशी तीस किलोमीटरच्या पुढे एकटे पळत असाल तर फरक जाणवेल. पण वजनाचा हिशेब करून बघा. कार्बन जोडी १,५०० ग्रॅमची आणि बांधलेली जोडी १,९०० ची धरली, तर फरक ४०० ग्रॅम. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील तर हा अर्धा टक्का झाला. तोरणमाळच्या चढात तासभर घाम गाळलात तर वाचणार अठरा सेकंद! चहाला थांबलो की तेवढी जातातच.

त्यात वारा. साक्रीहून निजामपूरमार्गे नंदुरबारकडे जाताना ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या दिसतात. त्या तिथे उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा बाजूने येतो आणि उंच रिमचं पुढचं चाक हँडलच हिसकतो. शेजारून ट्रक गेला की आधी झोत अडतो, मग एकदम आदळतो. साठ किलोच्या आतल्या माणसाने ५० मिलिमीटर पुढे लावूच नये, असं माझं मत. हौस असेल तर मागे उंच, पुढे तिशीतलं लावा.

रिम ब्रेकची सायकल असेल तर कार्बन सरळ सोडून द्या. ब्रेक दाबून उतरताना सगळी उष्णता रिममध्ये जाते, आणि जास्त तापलं की कार्बनमधलं रेझिन मऊ पडतं. तोरणमाळच्या सातपायरी घाटाची वळणं, त्यात मे महिन्यातलं आपलं ४४-४५ अंशांचं ऊन. डिस्क ब्रेकला हा त्रास नाही.

एक गोष्ट मात्र डिस्कवाल्यांनीही बघावी. आजकालच्या बऱ्याच कार्बन रिम हुकलेस, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेल्या, असतात आणि त्यांना हवेची कमाल मर्यादा ५ बार. पहाटे २५ अंशाला ४.८ भरली आणि दुपारी टायर ५० पर्यंत तापलं, तर दाब ५.३ च्या आसपास जातो. म्हणून २८ मिलिमीटर रुंदीचं टायर घ्या आणि हवा कमीच भरा. हुकवाल्या रिमला एवढी काटेकोर मर्यादा नसते.

तयार अ‍ॅल्युमिनियम जोडी पहिल्यांदा चाकं बदलणाऱ्याला वाईट नाही. स्वस्त पडते, लगेच मिळते. घेताना तारा गोल आणि वाकड्या डोक्याच्या आहेत ना, एवढं बघा. तशी तार लांबी जुळली की कुठलीही चालते. शिमानोचे हब कप-कोनचे असतात, छर्रे धुऊन ग्रीस भरणं आपल्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला जमतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत गेल्यावर त्याची किंमत कळते. सीलबंद बेअरिंगवाल्या हबना देखभाल कमी, पण बेअरिंग काढायला पुलर लागतो.

माझं मत बांधलेल्या जोडीला. शिमानो १०५ चे हब, डीटी स्विसची आर ४६० सारखी रिम, ३२ तारा, पितळी निप्पल (तार रिमला आवळणारे छोटे नट). अ‍ॅल्युमिनियमचे निप्पल हलके असतात, पण चार पावसाळ्यांनी तारेवर जाम बसतात आणि आऊट काढताना तुटतात. ३२ पैकी एक तार गेली तर शेजारच्या दोन सैल-घट्ट करून घरापर्यंत येता येतं. हा एवढा भरवसा मला अठरा सेकंदांपेक्षा मोठा वाटतो. अट एकच: तारांचा ताण मापकाने मोजणारा बांधणारा हवा. नुसत्या अंदाजाने बांधलेलं चाक पाचशे किलोमीटरात सैल पडतं.

बाभळीच्या काट्यांसाठी तिन्हींत ट्यूबलेस चालेल अशी रिम घ्या. मात्र आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात फार लवकर सुकतं. एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला व्हॉल्व्हमधून काडी घालून बघावं लागतं.

पैसे देण्याआधी फ्रेममध्ये हब बसतो त्या जागेचं माप घ्या. रिम ब्रेकच्या क्विक रिलीजला (खटक्याने सुटणाऱ्या चाकाला) पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर, डिस्कच्या आरपार आसाला म्हणजे थ्रू अ‍ॅक्सलला १२ बाय १०० आणि १२ बाय १४२. मागच्या हबचा फ्रीहब आपल्या कॅसेटला (दातेरी चक्रांच्या संचाला) बसतो का, तेही विचारा. आणि बांधणाऱ्याकडून जास्तीच्या तीन तारा मागून घ्या: पुढची एक, मागच्या दोन्ही बाजूंची एकेक, कारण रिम ब्रेकच्या जोडीत तिन्हींची लांबी वेगळी असते. माझ्या पंपाला टेपने गुंडाळलेल्या असतात.