गाडीवरच चार्जिंग की बॅटरी काढून?

पावसाळ्यात साताऱ्यात मोटारसायकल पंधरा-पंधरा दिवस उभी राहते आणि सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. अशा वेळी चार्जर लावायचे दोन मार्ग आहेत.

बॅटरी गाडीवरच ठेवायची असेल तर इग्निशन बंद करा. लाल चिमटा आधी प्लसला, मग काळा इंजिनच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या धातूला लावा आणि शेवटी चार्जरचं बटण चालू करा. काळा चिमटा बॅटरीपासून लांब लावायचा, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि तिथे ठिणगी नको. वारंवार लागणार असेल तर फ्यूजवाली कायमची वायर बसवून घ्या. मग प्रत्येक वेळी सीट उघडावी लागत नाही.

बॅटरी काढताना मायनस आधी सोडायचा, बसवताना शेवटी जोडायचा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर हाच मार्ग. सांगलीत कृष्णेकाठी राहणाऱ्यांना तो आणखी सोयीचा: पाणी चढायला लागलं की बॅटरी वरच्या मजल्यावर नेता येते. मात्र काही गाड्यांचं घड्याळ पुन्हा लावावं लागतं.

माझं मत गाडीवरच्या चार्जिंगला, पण चार्जर मोटारसायकलचाच हवा. ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साधारण ०.९ अँपिअर पुरतो. कारचा जुना १० अँपिअरचा चार्जर तिला तापवून खराब करतो. लिथियम बॅटरीला तिचा वेगळा चार्जर लागतो.