सातारा एमआयडीसीतला रेडिएटरवाला: कॅम्परचं कूलंट बदलायचं असेल तर इथे जा

पाचापैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

आमची गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेला डिझेल कॅम्पर. मागे झोपायची जागा, छोटासा ओटा, आणि दोन चैनी: मागचा हीटर आणि आंघोळीच्या गरम पाण्याची टाकी. दोन्ही इंजिन थंड ठेवणाऱ्या, त्यातच तापलेल्या कूलंटवर चालतात. म्हणजे कूलंटचे होज इंजिनापासून पार मागच्या दारापर्यंत जातात आणि तिथून परत येतात. बहुतेक गॅरेजवाले हे ऐकून मान डोलावतात आणि मग बॉनेट उघडून रेडिएटरखालचा कॉक सोडतात. खाली आलं तेवढं नवीन भरलं की "झालं मॅडम".

पुण्यात एका एसी वेटिंगरूमवाल्या गॅरेजने आमचं हेच केलं होतं. बिलावर "कूलंट बदलले" असं छापून आलं, चहासुद्धा चांगला होता. पुढे खंबाटकी घाट चढताना एसी चालू असला की इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलायला लागला. थंड इंजिनावर झाकण काढून पाहिलं तर आत चहाच्या चोथ्यासारखा गढूळ तपकिरी रंग.

साताऱ्याच्या या दुकानाला पाटी आहे, पण गंजलेली. बापलेक चालवतात. वडील रेडिएटर डागतात, मुलगा गाडीखाली असतो. मुलाने पहिल्यांदा विचारलं ते, "मागं काय काय जोडलंय?" तिथेच मला बरं वाटलं. मग त्याने होजवर हात फिरवत सगळा मार्ग मागपर्यंत पाहिला, हीटरचा व्हॉल्व्ह उघडला आणि सांगितलं, इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आम्ही सकाळी पोचलो होतो, काम दुपारी सुरू झालं. यजमानांची चुळबुळ चालली होती, पण ते बरोबरच आहे. गरम असताना आत दाब असतो, झाकण सैल केलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

रेडिएटरच्या कॉकमधून सातेक लिटर निघालं. पुण्याचं काम इथेच संपलं असणार. याने इंजिन ब्लॉकचा बोल्ट काढला, मागच्या हीटरचे होज खालच्या बाजूने सोडले आणि गरम पाण्याच्या टाकीतल्या कॉइलमधूनही (कूलंट फिरवणारी वेटोळी नळी) हलकी हवा मारून पाणी बाहेर घेतलं. आणखी चारेक लिटर आलं, ते सगळ्यात काळं. हिशेब साधा आहे. तेरा लिटरच्या सर्किटमधलं सातच बदललं आणि त्यात अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन), अर्धं पाणी असं तयार मिश्रण भरलं, तर उरलेल्या सहा लिटर जुन्या, दम संपलेल्या पाण्यात ते मिसळून सगळंच पातळ होतं. गंज रोखणारी रसायनंही तितकीच विरळ.

मग डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवायचं, गार करायचं, काढायचं. निघालेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. मी म्हटलं, निदान धुवायला तरी नळाचं चालेल ना? वडिलांनी डागणी खाली ठेवली. "आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं रेडिएटर चोंदतात म्हणून तर माझं घर चालतंय, काकू."

भरताना त्याने तयार मिश्रण नको म्हटलं, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणायला लावलं. कितीही काढलं तरी धुण्याचं थोडं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच, म्हणून आधी एकूण मापाच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आत घालायचं आणि वर डिस्टिल्ड वॉटरने पूर्ण करायचं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणारेही भेटतात, जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं समजून. उलट आहे. ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, तर शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या जवळपासच. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. साताऱ्यात गोठण्याशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. आम्हाला हिमाचलातल्या थंडगार स्पितीला जायचं आहे.

कॅन उघडण्याआधी त्याने गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार आणि कॅनवरचा मजकूर जुळवून पाहिला. हिरवं, लाल, केशरी याला तो काही किंमत देत नाही. "रंग कंपनीच्या मर्जीचा असतो." आमच्या आतला चोथा दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र ओतल्यामुळे झाला असावा, असं त्याचं मत. मला ते पटलं.

खरी परीक्षा एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढण्याची. पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. हीटर पूर्ण गरमवर, झाकण काढलेलं, इंजिन आयडलला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट देणारी झडप) उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, त्याने भर घातली, वरचा होज दाबत राहिला. तरी मागच्या हीटरचा परतीचा होज गारच. मागे जाऊन त्याने तो होज जरा सैल केला, फुसफुस हवा गेली, कूलंट आलं, क्लिप आवळली. मग तोही तापला. शेवटी कुठे गळती नाही ना हे बघायला हातपंपाने एक बार दाब देऊन पंपावरचा काटा स्थिर राहतो का तेही पाहिलं. आमच्यासाठी ही चाचणी महत्त्वाची, कारण टाकीतली कॉइल गळली तर विषारी ग्लायकॉल थेट आंघोळीच्या पाण्यात.

आता कापलेला तारा. जुनं कूलंट तो मागच्या गटारात ओतायला निघाला होता. त्याला गोडसर चव असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. दुकानाच्या दारातच पिल्लं खेळत होती. मी अडवलं, आमच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून घेतलं. त्यावर तो, "एवढं कोण बघतं ताई?" इतका नीटस कारागीर, आणि हे. छापील बिल नाही, कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे. बायकांना बसायला जागा नाही, मी आमच्याच ओट्यापाशी बसून भाजी निवडली.

मजुरी पुण्याच्या निम्म्याहून कमी पडली. त्याने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पाहिली, बोटभर कमी होती, भरली. येताना खंबाटकीत एसी चालूच ठेवला होता. काटा हलला नाही.

जाणार असाल तर फोन करून जा आणि अख्खा दिवस हाताशी ठेवा. डिस्टिल्ड वॉटर आधीच्या चौकातल्या बॅटरीवाल्याकडे मिळतं, दुकानात नसतं. लांब गाडी आत वळत नाही, रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते. आणि जुन्या कूलंटसाठी घट्ट झाकणाचे कॅन घरून न्या.