आयएसएस की ईएसए? डेझर्टेशनला विषय शोधताय त्यांच्यासाठी

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात "अनेक सरकारांनी मिळून चालवलेला अंतराळ कार्यक्रम" असा विषय घ्यायचा म्हटलं की गाडी दोन नावांवर येऊन थांबते, एक आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन म्हणजे आयएसएस आणि दुसरी युरोपची अंतराळ संस्था ईएसए. मी दोन्हींवर बराच वेळ घालवून मग ईएसए पक्की केली, त्यामुळे पुढचं सगळं जरा एका बाजूला झुकलेलं असणार, तेवढी सवलत द्या.

वाचायला आयएसएस जास्त मजेशीर, यात वादच नाही. २९ जानेवारी १९९८ ला वॉशिंग्टनमध्ये १५ सरकारांचा करार झाला, त्यात स्टेशनच्या कोणाच्या मॉड्यूलमध्ये (म्हणजे जोडलेल्या भागात) कोणाचा कायदा चालणार, पेटंट कोणाचं, कोणी गुन्हा केला तर खटला कोण चालवणार, सगळं आहे. झार्या मॉड्यूलचंच बघा ना, बनलं रशियात, उडालं रशियन रॉकेटवर, पण पैसे अमेरिकेचे म्हणून मालकी अमेरिकेची. किंवा कोलंबस घ्या. लॅब युरोपची, पण आतल्या वापरात युरोपचा वाटा ५१ टक्के, नासाचा ४६.७ आणि कॅनडाचा २.३, कारण वीज आणि बाकी सोयी नासाकडून येतात आणि रोबॉटिक आर्म कॅनडाचा. क्लासमध्ये हे सांगितलं की लोक मोबाईल खाली ठेवतात.

माझं बिनसलं ते पैशाच्या चॅप्टरला. माझा प्रश्न साधा होता, कोणी किती दिले आणि त्याला काय मिळालं. पण या करारात शक्यतो पैसे एकमेकांना द्यायचेच नाहीत असं तत्त्व आहे, सगळा मामला वस्तूच्या बदल्यात वस्तू. कोलंबस नासाच्या शटल यानाने वर न्यायचं भाडं म्हणून युरोपने नोड २ आणि नोड ३ हे स्टेशनचे जोडणारे भाग बांधून दिले. स्टेशन चालवायच्या खर्चातला युरोपचा वाटा फिटला एटीव्ही मालवाहू यानांनी, २००८ ते २०१४ मध्ये अशी पाच गेली, आणि त्यानंतरचा हप्ता म्हणून युरोप नासाच्या ओरायन यानाचं सर्व्हिस मॉड्यूल बनवायला लागला, जे स्टेशनवर जातच नाही, ते चंद्राच्या कार्यक्रमासाठी! आता हे एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये टाकायचं सांगा. एका नोडची किंमत किती धरायची, बनवायला आलेला खर्च की शटलच्या वाचलेल्या भाड्याएवढी? मी रात्री जागून शीट जुळवायला बसायचो, दरवेळी वेगळंच गृहीतक धरावं लागायचं आणि दरवेळी बेरीज वेगळी यायची. गाइडना दाखवलं तर ते म्हणाले, आकडे बरे आहेत पण यातले तुझे किती आणि त्यांचे किती. तिथेच मन उडालं.

तरी एक कबूल करायला हवं, ज्या गोष्टीने मला छळलं तीच २०२२ मध्ये स्टेशनच्या कामी आली असावी. युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियावर निर्बंध लागले, तरी त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेचा फ्रँक रुबियो रशियाच्या सोयुझमधून गेला आणि पुढच्याच महिन्यात रशियाची अ‍ॅना किकिना अमेरिकेतल्या स्पेसएक्सच्या यानातून गेली, सीटच्या बदल्यात सीट, बिलाचा प्रश्नच नाही. वर्षभर आधी लेखी नोटीस दिली की बाहेर पडता येतं, तरीही कोणी पटकन उठून गेलं नाही. तुमचा रोख राजकारणावर असेल तर माझं फार ऐकू नका, आयएसएसच घ्या.

ईएसए पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो, खरंच येतो. कौन्सिल, कमिट्या, प्रोग्रॅमची नावं, पण सांगाडा कळला की सगळं सरळ आहे. १९७५ चा करार, विज्ञान कार्यक्रम सगळ्यांना सक्तीचा आणि वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, बाकीचे बरेचसे कार्यक्रम ऐच्छिक, ज्याला हवं त्याने हवे तेवढे पैसे घालावेत. साधारण तीन वर्षांनी मंत्री जमतात आणि आकडे जाहीर होतात, नोव्हेंबर २०२५ ला ब्रेमेनमध्ये सुमारे २२.१ अब्ज युरो कबूल झाले, आणि कुठल्या देशाने किती कबूल केले त्याचा तक्ता मिळतो. तक्ता! स्टेशनच्या हिशेबातून आलेल्या माणसाला काय वाटलं असेल विचार करा.

इथलं दुखणं म्हणजे जिओ-रिटर्न, देशाने दिलेले पैसे कंत्राटांच्या रूपात त्याच देशातल्या कंपन्यांकडे परत गेले पाहिजेत. त्यामुळे युरोपच्या एरियन ६ रॉकेटच्या कामात १३ देश, एरियन ५ जुलै २०२३ मध्ये निवृत्त आणि एरियन ६ चं पहिलं उड्डाण जुलै २०२४ ला, आणि युद्धामुळे रशियाचं सोयुझ रॉकेटही हातचं गेल्यामुळे ईएसएची युक्लिड दुर्बीण स्पेसएक्सच्या फाल्कन ९ वरून पाठवायची वेळ आली. उशिराचं सगळं खापर जिओ-रिटर्नवर फोडता येणार नाही बहुतेक, पण निदान वाद घालायला समोर नियम आहे, आकडे आहेत.

शिवाय इतिहास आयता मिळतो. ईएसएच्या आधी एल्डो ही युरोपीय देशांची रॉकेट बनवणारी संस्था होती, तिच्या युरोपा रॉकेटचा पहिला टप्पा ब्रिटिश, दुसरा फ्रेंच, तिसरा जर्मन, आणि त्याने एकही उपग्रह कक्षेत सोडला नाही. मग ईएसए आली, फ्रान्सने पुढाकार घेतला आणि डिसेंबर १९७९ ला एरियन पहिल्याच उड्डाणात यशस्वी झालं. माझा दुसरा चॅप्टर एवढ्यावरच उभा राहिला.

ईएसए घेतलीत तर युरोपियन युनियनशी गल्लत तेवढी टाळा, व्हायव्हात हमखास विचारतात, ब्रिटन युनियनमधून बाहेर पडला तरी इथे आहे, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही आहेत. आणि गाइड आयएसएसवरच अडून बसले तर कायद्याचा किंवा २०२२ चा भाग मागून घ्या, पैशाचा चॅप्टर दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे.