जॉयकॉनचा ड्रिफ्ट: साफ करावं, पुठ्ठा घालावा, स्टिक बदलावी की सरळ नवीन जोडी घ्यावी?

निन्टेन्डोच्या स्विच या गेम कन्सोलच्या दोन बाजूंना दोन सुटे होणारे कंट्रोलर असतात, तेच जॉयकॉन, आणि त्यांच्यावर अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी असते ती स्टिक. स्विचवर खेळणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहितीये. स्टिकला बोटसुद्धा लावलेलं नसतं आणि स्क्रीनवरचा हिरो आपला हळूहळू डावीकडे चालायला लागतो, नाहीतर मेन्यूत कर्सर आपोआप खाली खाली घसरत जातो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. मग चार जणांना विचारलं की चार उपाय मिळतात, कोणी म्हणतं फुंकर मार, कोणी म्हणतं स्प्रे मार, कोणी म्हणतं फेकून दे. मी गेली काही वर्षं नात्यातल्या आणि मित्रांच्या पोरांचे जॉयकॉन उघडून देतोय, सगळे प्रकार हाताने करून बघितलेत, तेव्हा कुठला उपाय कधी करायचा आणि कुठल्याच्या नादाला लागायचं नाही ते सांगतो.

आधी आत काय असतं ते बघा, कारण निर्णय तिथूनच ठरतो. जुन्या रेडिओचा किंवा टेपरेकॉर्डरचा व्हॉल्यूम फिरवला की खरखर यायची आठवतंय? त्यात पोटेन्शिओमीटर असायचा, आणि जॉयकॉनच्या स्टिकमध्ये तसलेच दोन असतात, फक्त एकदम चपटे. एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक बोटं घासत फिरतात, त्यावरून कन्सोलला कळतं स्टिक कुठे आहे. आता घासणारी वस्तू म्हटली की दोनच गोष्टी होणार, एकतर मध्ये धूळ आणि कार्बनची भुकटी साचणार, नाहीतर पट्टीच झिजणार. ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये उघडून तपासलेल्या जॉयकॉनमध्ये नेमकं हेच सापडलं होतं, पट्टीवर झीज होती आणि धूळ रोखायची सोय असूनसुद्धा आत धूळ होती. स्विच आला मार्च २०१७ ला, २०१९ मध्ये अमेरिकेत यावरून कोर्टकचेरी सुरू झाली आणि २०२० च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांची माफी मागितली. म्हणजे पोरांनी आपटलं म्हणून बिघडलं असं दरवेळी नसतं, उगाच त्यांच्यावर ओरडू नका.

तर तुमच्याकडे धूळ आहे का झीज, हे आधी ठरवायचं. सिस्टम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सच्या भागात स्टिक कॅलिब्रेट करायचा, म्हणजे तिचा मध्य नव्याने ठरवून द्यायचा, पर्याय आहे, तो उघडा आणि स्टिक सोडून नुसतं बघत बसा. मधलं चिन्ह थरथरत असेल, कधी जागेवर कधी बाहेर, तर बहुतेक धूळ. एकाच बाजूला जाऊन तिथेच ठाण मांडत असेल, स्टिक गोल फिरवून सोडल्यावरही परत तिथेच, तर झीज असण्याची शक्यता जास्त. मग आणखी एक करा, जॉयकॉनची पाठ स्टिकच्या बरोब्बर मागे अंगठ्याने दाबून धरा. दाबल्यावर चिन्ह मध्ये आलं आणि सोडल्यावर परत पळालं तर आतली बोटं पट्टीला नीट टेकत नाहीयेत एवढं समजा. आणि हो, कधीकधी हिरो पळत सुटतो पण ते ड्रिफ्ट नसतं, ब्लूटूथ अडकलेलं असतं. जॉयकॉन कन्सोलला जोडून खेळताना तेच होत नसेल तर कनेक्शन बघा, स्टिकला हात लावू नका.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचा उपाय म्हणजे साफसफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तो कॉन्टॅक्ट क्लीनर, दोन्ही चालतात. जॉयकॉन काढून बंद करायचा, स्टिकच्या बुडाशी रबराचा पातळ घेर असतो तो टूथपिकने हलकेच उचलायचा, आत एक-दोन थेंब, मग स्टिक वीस-तीस वेळा गोल फिरवायची, दुसऱ्या बाजूने परत तेच, आणि तासभर वाळू द्यायचं, मग कॅलिब्रेट. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं आणि चिकटपणा राहतो. गंजलेल्या बिजागरीवर मारतो तो निळ्या डब्यातला साधा स्प्रे तर अजिबात नको, त्याचं तेल आत राहतं आणि त्याच्यावर आणखी धूळ बसते. तोंडाने फुंकर मारली की वाफ आत जाते, तेही नको. धूळच असेल तर यानेच काम होतं. पण साफ केल्यावर आठ-पंधरा दिवसांत परत सुरू झालं, परत साफ केलं, परत सुरू, असं दोनदा झालं की थांबा. पट्टीच झिजली असेल तर अल्कोहोल काय करणार. लोक इथेच अडकतात, दर रविवारी स्प्रे मारत बसतात आणि सहा महिने घालवतात, मला खरंच वाईट वाटतं ते बघून.

पुठ्ठ्याचा उपाय २०२१ च्या सुमारास यूट्यूबवर खूप फिरला. कल्पना साधी आहे, स्टिकच्या मागच्या पत्र्यावर साधारण एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा म्हणजे तो पत्रा दाबला जातो आणि बोटं पट्टीला परत टेकतात. अंगठ्याची चाचणी तुमच्याकडे जमली असेल तर हा चालतोच, आणि पैसे जवळजवळ शून्य. पण त्यासाठी जॉयकॉन उघडावा लागतो, बॅटरीचा ट्रे बाजूला करावा लागतो, म्हणजे स्टिक बदलायची निम्मी मेहनत तुम्ही केलेलीच असते. एवढं उघडलंय तर हातासरशी स्टिकच का बदलू नये असं माझं मत. हातात नवीन स्टिक नाहीये आणि उद्या पोराचा वाढदिवस आहे, चार मित्र खेळायला येणारेत, अशा वेळी पुठ्ठा घाला, बिनधास्त घाला. फक्त जाड घालू नका, झाकण जोर लावून बंद करावं लागलं म्हणजे चुकलं, वर बॅटरी आहे हे लक्षात ठेवा.

आता स्टिक बदलणं. यात दोन पर्याय आहेत आणि खरी निवड इथेच आहे. एक म्हणजे साधी स्टिक, मूळ होती तशीच कार्बन पट्टीवाली, ऑनलाइन स्वस्तात मिळते, बऱ्याचदा स्क्रू ड्रायव्हरसकट. दुसरी हॉल इफेक्ट स्टिक, गुलिकिट वगैरे कंपन्यांची, ती बरीच महाग. हॉलमध्ये घासायला काही नसतंच, स्टिकला चुंबक असतो आणि खाली सेन्सर, चुंबक हलला की सेन्सरला कळतं. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला आणि गेममध्येही ते नवीन नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच असली स्टिक होती. त्यामुळे पट्टी झिजून होणारा ड्रिफ्ट हॉलमध्ये होऊच शकत नाही. स्प्रिंग, रबर, वरची टोपी मात्र इथेही झिजणार, आणि बसवल्यावर कॅलिब्रेट करावंच लागतं, नाहीतर मध्य थोडा सरकलेला दिसतो आणि लोक म्हणतात हॉलपण फालतू निघाली.

माझं स्पष्ट मत, स्विच अजून दोन-तीन वर्षं रोज वापरात राहणार असेल तर साधी स्टिक घेऊ नका. तीच पट्टी, तीच झीज, परत एकदा उघडायचं, आणि दरवेळी उघडताना काहीतरी मोडायची भीती. कन्सोल विकायचाच असेल किंवा सुट्टीतच बाहेर निघत असेल तर साधी पुरे.

उघडताना काय होतं ते जवळून सांगतो, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. मागे चार स्क्रू, तीन पाकळ्यांचे, त्याला वाय झिरो झिरो ड्रायव्हर लागतो आणि स्वस्त ड्रायव्हर त्या स्क्रूंची डोकी गोल करून टाकतात, म्हणून दाब जास्त, फिरवणं सावकाश. झाकण डबी उघडतो तसं फटकन उघडू नका, आत चपटी रिबन केबल जोडलेली असते. आधी बॅटरीची वायर वर उचलून सोडवा. मग ट्रे, मग स्टिकचे दोन छोटे स्क्रू आणि शेवटी तिची रिबन केबल. केबल जिथे शिरते तिथे नखाच्या टोकाएवढा एक फ्लॅप असतो. तो आधी वर उचलायचा, मग केबल आपली आपण सुटून येते, ओढावी लागतच नाही. पहिल्या वेळी मी फ्लॅप न उचलता चिमट्याने केबल ओढली आणि फ्लॅपचा एक कान टचकन तुटला, नवीन केबल आत टिकेचना, शेवटी उष्णता सहन करणाऱ्या पिवळ्या टेपचा तुकडा दुमडून वरून दाबून बसवला तेव्हा चाललं. एवढं एक सांभाळलंत तर डाव्या जॉयकॉनला पहिल्यांदा तासभर, नंतर वीस मिनिटं.

हाताने जमणार नसेल तर दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, करणारे मिळतात. पण देताना विचारा की स्टिक कुठली घालणार, हॉल का साधी, आणि घेताना काउंटरवरच सगळी बटणं दाबून बघा. एका दुकानातून माझ्या मित्राचा जॉयकॉन आला तेव्हा स्टिक एकदम छान चालत होती पण मागचं झेडएल बटण मेलेलं, आणि घरी आल्यावर कोण ऐकतं.

नवीन जोडी घेणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात निवांत. अमेरिकेत जोडी ७९.९९ डॉलरला निघाली होती, आपल्याकडे निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, माल बाहेरून येतो, तेव्हा भाव दुकानदार म्हणेल तो. आणि एवढे पैसे घालून आत मिळते कार्बन पट्टीच. बॅटरीही बसलीये, बटणंही गेलीयेत, कन्सोलच्या कडेला सरकवून बसवायची खाचसुद्धा ढिली झालीये अशा जॉयकॉनलाच नवीन जोडीचा खर्च पटतो. जॉयकॉन अमेरिकेत किंवा युरोपातच घेतलेले असतील आणि तुमची बहीण, मावशी कोणी तिकडे राहत असेल तर कंपनीकडूनच करून घ्या, अमेरिकेत ड्रिफ्टची दुरुस्ती फुकट करून देतात आणि २०२३ च्या मार्चपासून ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत वॉरंटी संपल्यावरही देतात.

स्विच लाइटवाल्यांना मात्र वेगळं सांगणं आहे. त्यात स्टिक कन्सोललाच जोडलेल्या, म्हणजे नवीन जोडी हा पर्यायच नाही आणि उघडायचा तो अख्खा कन्सोल, मागचं झाकण, धातूचा पत्रा, मग बॅटरी, मग कुठे स्टिक. साफसफाई दोनदा करून बघा. नाही जमलं तर पहिलंवहिलं काम म्हणून लाइट उघडू नका, हॉल स्टिक स्वतः विकत घ्या, ती लाइटला बसते असं लिहिलंय का बघा, आणि मजुरी देऊन ज्याने आधी लाइट उघडलाय त्याच्याकडूनच बसवून घ्या. मी स्वतः सहा-सात जॉयकॉन झाल्यावर पहिल्या लाइटला हात लावला होता.