होडीवर कुठला वायरलेस घ्यावा: हातातला, केबिनमधला की उपग्रहाचा?

नव्या हंगामाच्या तयारीत डिझेल आणि जाळ्यांसोबत वायरलेसचाही खर्च धरा. थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज जाते, आणि असली तरी फोन एकालाच लागतो. व्हीएचएफवर, म्हणजे बोटींच्या वायरलेसवर, १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारली, की टप्प्यातल्या ज्या ज्या बोटींनी तो चॅनेल लावलेला असेल त्या सगळ्यांना ती ऐकू जाते.

हातातला सेट ५-६ वॉटचा, केबिनमधला २५ वॉटचा. पण वॉटइतकीच अँटेनाची उंचीही बघा, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोन होड्यांवरचे हातातले सेट पाण्यापासून २ मीटरवर असतील, तर हिशेबाने फार तर ११-१२ किलोमीटर. दोन्हीकडे अँटेना ९ मीटरच्या डोलकाठीवर असेल, तर २४-२५. चांगला सेट घेऊन अँटेना केबिनच्या छपरावर आडवा टाकलेला दिसला की जीव तुटतो.

केबिनचा सेट घेताना डीएससी, म्हणजे एका बटणावर संकटाचा इशारा पाठवायची सोय, असलेलाच घ्या. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं, की संकटाचा इशारा ७० नंबरवरून आपोआप जातो. पण त्यात तुमच्या बोटीचा ४१९ ने सुरू होणारा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे वायरलेसवरचा ओळखक्रमांक, भरलेला हवा आणि जीपीएस जोडलेला हवा. जीपीएस नसेल तर इशारा जाईल, ठिकाण जाणार नाही. बसवणाऱ्याकडून हे समोर करून घ्या, मगच पैसे द्या.

हातातल्या सेटची खरी किंमत केबिनमध्ये पाणी शिरून बॅटरी बसते तेव्हा कळते. तो पाण्यावर तरंगणारा घ्या. बाजारातला साधा वॉकीटॉकी मात्र नको, त्यावर १६ नंबर लागत नाही.

दूर जाणाऱ्या ट्रॉलरला व्हीएचएफ पुरत नाही. तिथे इस्रोचा डॅट, म्हणजे उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारा सेट, हवा. त्याचा इशारा उपग्रहामार्गे बंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटवर ‘इशारा मिळाला’ अशी पोचही येते. बुडत्या बोटीवरच्या माणसाला त्या पोचेचा केवढा धीर! म्हणून जुना डॅट बदलायची संधी मिळाली तर सोडू नका. पण डॅटने शेजारच्या बोटीवरच्या तांडेलाशी बोलता येत नाही, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी पोचतो तो तोच.

खाडीच्या तोंडाशी फिरणाऱ्या लहान फायबर होडीला हातातला सेट चालेल. रात्रभर बाहेर राहणाऱ्या बोटीने केबिनचा आधी घ्यावा, हातातला जोडीला. किनारा दिसेनासा होईपर्यंत जात असाल, तर डॅटशिवाय निघू नका.